भांडार आपलं, तराजूही आपला: किराण्याच्या सहकारी भांडारात नव्याने येणाऱ्यांसाठी

सहकारी भांडाराचं नाव काढलं की नवा माणूस आधी विचारतो, "तिथे स्वस्त मिळतं का?" खरं सांगायचं तर काही माल स्वस्त पडतो, काही नाही. सुटं धान्य, कडधान्यं, मसाले यांत बहुधा चांगली बचत होते. लहान शेतकऱ्याकडून थेट आलेली भाजी मात्र कधी कधी बाजारापेक्षा महाग असते. पण मी लोकांना सभासद व्हायला सांगते ते बचतीसाठी नाही. फळीवर कोणता माल ठेवायचा, तो कुणाकडून घ्यायचा आणि त्यावर किती नफा धरायचा, हे ठरवणाऱ्यांमध्ये तुम्ही स्वतः असता, म्हणून सांगते. अन्नाबद्दलच्या ज्या गोष्टी एरवी नुसती गंमत म्हणून वाचून सोडून दिल्या जातात, त्या इथे रोज उपयोगी पडतात. म्हणून या लेखात पायऱ्यांच्या जोडीने त्याही सांगते आहे.

पायरी पहिली: हे दुकान कुणाचं, ते नीट समजून घ्या

सहकारी भांडाराचे मालक म्हणजे तिथून खरेदी करणारे सभासद. कल्पना साधी वाटते, पण ती रुळायला फार वेळ लागला. स्कॉटलंडमधल्या फेनिक गावच्या विणकरांनी १७६१ मध्ये संघटना काढली आणि १७६९ मध्ये ओटचं पीठ घाऊक घेऊन आपसात विकायला सुरुवात केली. आज ज्याला आदर्श मानतात ते दुकान मात्र २१ डिसेंबर १८४४ रोजी इंग्लंडमधल्या रॉचडेल इथे, टोड लेन नावाच्या गल्लीत उघडलं. अठ्ठावीस जणांनी मिळून २८ पौंड भांडवल उभं केलं होतं. विकायला काय होतं? लोणी, साखर, गव्हाचं पीठ, ओटचं पीठ आणि थोड्या मेणबत्त्या. आज त्या इमारतीत संग्रहालय आहे.

एवढ्या थोड्या मालावर लोक का आले असतील? त्या काळी इंग्लंडात पीठ पांढरंशुभ्र दिसावं म्हणून त्यात तुरटी घालत. एकदा उकळलेली चहाची पत्ती वाळवून पुन्हा विकत. सगळ्याच खाद्यपदार्थांना लागू होणारा भेसळीविरुद्धचा पहिला कायदा तिथे १८६० मध्ये झाला, तोही आर्थर हिल हॅसल या डॉक्टरांनी लंडनमधले खाद्यपदार्थ सूक्ष्मदर्शकाखाली तपासून भेसळ उघड केल्यानंतर. रॉचडेलच्या लोकांनी कायद्याची वाट पाहिली नाही. शुद्ध माल आणि खरं वजन ही त्यांची पहिली अट होती. दुकान उघडल्यावर सहा वर्षांत, १८५० मध्ये, त्यांनी स्वतःची पिठाची गिरणीही काढली. दळणावर नजर ठेवल्याशिवाय पिठाची खात्री देता येत नाही, हे त्यांना पटलं होतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. रॉचडेलमध्ये त्याच टोड लेनवर १८३३ मध्ये एक सहकारी दुकान निघालं होतं. ते दोनच वर्षांत उधारीपायी बुडालं. म्हणून १८४४ च्या दुकानाने पहिल्या दिवसापासून रोखीचा नियम केला. तुमचं भांडार उधार देत नसेल तर तो तुमच्यावरचा अविश्वास समजू नका. थकबाकी साचली की पुढच्या खेपेच्या मालाला पैसे उरत नाहीत, आणि छोट्या भांडाराला तेवढं पुरतं.

पायरी दुसरी: कोणत्या तऱ्हेचं भांडार आहे, ते विचारा

सगळी भांडारं एका साच्यातली नसतात. ढोबळ मानाने तीन तऱ्हा दिसतात.

काही भांडारांत कुणीही येऊन खरेदी करू शकतो आणि सभासदाला थोडी सवलत किंवा वर्षअखेरीस परतावा मिळतो. नवख्या माणसाला हे सगळ्यात सोपं. आधी महिनाभर गिऱ्हाईक म्हणून जा, लोक कसे आहेत ते पाहा, मग ठरवा.

दुसरी तऱ्हा सभासदांनी आळीपाळीने काम करायच्या भांडारांची. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन भागात १९७३ मध्ये सुरू झालेलं पार्क स्लोप फूड को-ऑप यासाठी जगभर ओळखलं जातं. तिथे फक्त सभासदच खरेदी करू शकतात आणि प्रत्येक सभासदाला दर काही आठवड्यांनी जवळजवळ तीन तासांची पाळी करावी लागते. बहुतेक काम सभासदच करत असल्याने मालाच्या किमतीवर चढणारा खर्च कमी राहतो. मला आवडणारा तपशील असा की, तिथे एक काम फक्त चालण्याचं आहे: नारिंगी जाकीट घातलेला सभासद खरेदी केलेल्याला त्याच्या गाडीपर्यंत किंवा स्टेशनापर्यंत सोबत करतो आणि ढकलगाडी परत घेऊन येतो. हे भांडार पाहून पॅरिसमध्ये ला लूव्ह हे तसंच भांडार निघालं.

तिसऱ्या तऱ्हेला दुकानच नसतं. शेजारची घरं मिळून आधी मागणी नोंदवतात, माल एकत्र येतो आणि वाटून घेतला जातो. जपानमधलं सेइकात्सु क्लब १९६५ मध्ये असंच सुरू झालं. टोकियोतल्या सुमारे दोनशे स्त्रियांनी एकत्र येऊन दुधाच्या तीनशे बाटल्या घाऊक घ्यायचं ठरवलं. पुढे त्यांनी शेतकऱ्यांशी थेट करार केले आणि बाटल्या धुऊन पुन्हा वापरायची पद्धत घातली. एका वस्तूचे दहा प्रकार ठेवण्याऐवजी पारखून घेतलेला एखादाच ठेवायचा, असंही त्यांनी ठरवलं. फळीवर निवड कमी दिसली की नवा माणूस नाराज होतो. पण तो एक प्रकार कुणीतरी बसून, विचारून, चाखून निवडलेला असतो.

तुमच्याकडे वेळ किती आहे, यावर तऱ्हा निवडा. आठवड्याला श्वास घ्यायला फुरसत नसेल तर पाळीच्या भांडारात नाव घालू नका. पाळी चुकली की तिचा भार दुसऱ्या सभासदावर पडतो आणि ते मनाला लागून राहतं.

पायरी तिसरी: कागद वाचा आणि हे प्रश्न विचारा

सभासद होताना साधारण दोन गोष्टी मागतात: भाग आणि वर्गणी. यांतला फरक नीट समजून घ्या. भाग म्हणजे भांडारात तुम्ही गुंतवलेलं भांडवल. सभासदत्व सोडताना ते बहुतेक ठिकाणी परत मिळतं. वर्गणी मात्र खर्चासाठी असते, ती परत येत नाही. भागाची रक्कम हप्त्यांनी भरता येते का, तेही विचारा. रॉचडेलच्या लोकांनीसुद्धा आपले पैसे आठवड्याला थोडे थोडे करूनच जमवले होते.

मग पोटनियम मागून घ्या. लांबलचक असले तरी दोन कलमं जरूर वाचा. एक मतदानाचं. खऱ्या सहकारी भांडारात एका सभासदाला एकच मत असतं, त्याचे भाग कितीही असोत. कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याचं वजन जास्त. इथे तसं चालत नाही. दुसरं कलम शिल्लक नफ्याचं. रॉचडेलची सगळ्यात मोठी युक्ती इथे आहे: त्यांनी नफा गुंतवलेल्या पैशाच्या प्रमाणात न वाटता खरेदीच्या प्रमाणात वाटला. ज्याने वर्षभरात जास्त खरेदी केली त्याला परतावा जास्त.

त्यासाठी प्रत्येक खरेदी सभासदाच्या नावे नोंदवावी लागे, म्हणून ब्रिटनमध्ये सभासद क्रमांक आले. सामान आणायला पाठवलेल्या पोराला घरचा क्रमांक घोकून घ्यावा लागे, नाहीतर परतावा दुसऱ्याच्या खात्यात. तिथल्या कित्येक म्हाताऱ्या माणसांना आपल्या आईचा तो क्रमांक आजही तोंडपाठ आहे. तुम्हाला मिळणारा क्रमांकही पाठ करून टाका. कार्ड घरी विसरण्याचे दिवस येणारच.

पायरी चौथी: पहिली पाळी

पहिल्या दिवशी तुम्हाला बहुधा फळ्या भरायला किंवा सुका माल पाकिटांत भरायला देतील. काम सोपं आहे, पण त्यात एक शिस्त आहे: जुना माल पुढे, नवा मागे. नवं पाकीट घाईने पुढे ठेवलं की जुनं मागे पडून राहतं आणि शेवटी फेकावं लागतं. ते नुकसान सगळ्या सभासदांच्या खिशातून जातं.

गल्ल्यावर बसवलं तर फळांवरच्या छोट्या चिकटपट्ट्या नीट पाहा. त्यांवरचा चार आकडी क्रमांक मालाची ओळख सांगतो. साध्या पिवळ्या केळ्याचा क्रमांक ४०११. सेंद्रिय केळं असेल तर त्याआधी ९ लागतो आणि तो ९४०११ होतो. १९९० पासून चालत आलेली ही पद्धत अनेक देशांत वापरतात. गल्ल्यावर काम करणाऱ्या सभासदाला सगळ्यात आधी पाठ होतो तो केळ्याचाच क्रमांक.

आणि एक मनापासून सांगते: पाळीत गप्पा मारायला लाजू नका. कुठलं पीठ पोळ्यांना चांगलं, कुठलं पावाला, कुणाकडचा मध घट्ट होतो, हे सगळं मला पाकिटं भरताना शेजारी उभ्या असलेल्यांकडून कळलं.

पायरी पाचवी: सुटा माल घ्यायचा आणि टिकवायचा

इथे जरा थांबते, कारण नव्या सभासदाचे पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जातात. सुटा माल स्वस्त दिसतो, हात सैल सुटतो आणि चार महिन्यांनी डब्यात कीड.

आधी बरणीचं बोला. घरून स्वच्छ आणि पूर्ण कोरडी बरणी न्या. माल भरण्याआधी रिकाम्या बरणीचं वजन करून झाकणावर लिहा. जुने दुकानदार ज्याला धडा करणं म्हणत, तेच हे. ते केलं नाही तर काचेचेही पैसे धान्याच्या भावाने द्याल. काचेची बरणी जड असते, तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो.

आता किती घ्यायचं? हे त्या त्या जिनसाच्या अंगच्या तेलावर अवलंबून असतं. कोंडा काढून पांढरा केलेला तांदूळ कोरड्या, बंद डब्यात वर्षानुवर्षं टिकतो. कोंड्यासकटचा तपकिरी तांदूळ मात्र काही महिन्यांतच खवट होऊ लागतो, कारण कोंड्यात तेल असतं आणि हवा लागून ते बिघडतं. गव्हाचंही तसंच. अख्खा गहू दीर्घकाळ टिकतो. दळला की अंकुरातलं तेल उघड्यावर येतं आणि पीठ लवकर कडवट होतं. मैदा टिकतो तो अंकुर आणि कोंडा काढून टाकलेला असतो म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या, त्यांना अंकुर आणि कोंडा सहज वेगळा करता येऊ लागला आणि पांढरं पीठ दूरदूरच्या बाजारांत पोहोचलं. म्हणून सांगते: गहू आणि पांढरा तांदूळ हवा तेवढा घ्या, कोंड्यासकटचं पीठ, तपकिरी तांदूळ, अक्रोड, जवस, तीळ महिन्या-दोन महिन्यांपुरतेच घ्या, आणि फ्रिजमध्ये जागा असेल तर तिथे ठेवा. मसाले अख्खे घ्या. दळलेल्या मसाल्याचा वास हवेत उडून जातो.

कडधान्यांची गोष्ट वेगळी आहे. ती खवट होत नाहीत, पण म्हातारी होतात. गरम आणि दमट जागी बरेच महिने राहिलेला दाणा कितीही शिजवला तरी नरम होत नाही. स्वयंपाक करणारा चुलीला किंवा पाण्याला दोष देतो. खरं तर दाण्याच्या आतच बदल झालेला असतो. पाणी कठीण असलं तरी दाणा शिजायला वेळ घेतो, आणि चिंच-टोमॅटोसारखं आंबट आधी घातलं तरी. म्हणून आंबट नेहमी शेवटी. भांडारात कडधान्याचा डबा कधी भरला, हे विचारायला संकोचू नका. डब्यावर तारीख लिहायची पद्धत नसेल तर ती सुरू करून घ्या. हे काम नव्या सभासदालाही जमतं.

राजम्याबाबत एक धोक्याची सूचना. कच्च्या राजम्यात एक प्रथिन असतं, त्याने जोराच्या उलट्या होऊ शकतात. राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या आणि नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळा, मग हवा तसा शिजवा. तासन्‌तास मंद आचेवर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात तो थेट घालू नका; तिथे पाणी उकळीपर्यंत पोहोचत नाही आणि ते प्रथिन तसंच राहतं. सुट्या मालाच्या डब्यावर शिजवायच्या सूचना छापलेल्या नसतात, म्हणून इतकं सविस्तर सांगितलं.

भाज्या आणि फळं. पिकलेली केळी, सफरचंदं, टोमॅटो इथिलीन नावाचा वायू सोडतात. त्याने शेजारची फळं लवकर पिकतात आणि पालेभाजी पिवळी पडते. कच्चं फळ पिकवायचं असेल तर कागदी पिशवीत केळ्यासोबत ठेवा. पालेभाजी टिकवायची असेल तर केळ्यापासून लांब. बटाट्यावर उजेड पडला की तो हिरवा होतो. तो हिरवा रंग निरुपद्रवी असला तरी त्याच्या जोडीने सोलानिन हे विषारी द्रव्य वाढतं. फार हिरवा झालेला बटाटा टाकून द्यावा. भांडारात बटाट्यांवर जाड कापड घातलेलं दिसलं तर ते उचलून ठेवू नका. फ्रिजमध्येही बटाटा ठेवू नका. थंडीत त्यातल्या पिठूळ भागाची साखर होते आणि तळताना तो काळपट पडतो.

मध गोठला म्हणून परत करायला येणारे सभासद दरवर्षी असतात. मध गोठतो तो त्यातल्या ग्लुकोजचे खडे झाल्याने. तो बिघडलेला नसतो. बरणी कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ होतो. लहान बाळाला मात्र एक वर्षापर्यंत मध देऊ नये, कारण त्यातल्या जीवाणूच्या बीजांनी त्याला गंभीर विषबाधा होऊ शकते.

पायरी सहावी: सभेला जा

इथवर येऊन थांबणारे पुष्कळ असतात. माल घेतात, पाळी करतात, सभेला जात नाहीत. मला हे पटत नाही. मताचा वापर केला नाही तर भांडार हळूहळू चारदोन उत्साही माणसांचं होऊन बसतं, मग ती माणसं कितीही भली असोत.

मताने काय होतं ते स्वित्झर्लंडमध्ये पाहता येतं. मिग्रो या संस्थेची सुरुवात गॉटलीब डुटवायलर यांनी १९२५ मध्ये केली, तीही पाच मोटारींवर. कॉफी, तांदूळ, साखर, शेवया, खोबऱ्याचं घट्ट तेल आणि साबण एवढ्या सहाच जिनसा घेऊन त्या मोटारी रस्तोरस्ती फिरत. १९४१ मध्ये त्यांनी हा फोफावलेला धंदा सहकारी संस्था करून गिऱ्हाइकांच्या हाती दिला. तिथल्या दुकानांत दारू विकायची नाही, असा दंडक होता. २०२२ मध्ये तो उठवावा का, हे सभासदांना विचारलं गेलं. दहाच्या दहा प्रादेशिक संस्थांच्या सभासदांनी नकार दिला आणि दारू आली नाही.

तुमच्या सभेत इतका मोठा प्रश्न नसेल. प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद करायच्या का, दुकान संध्याकाळी तासभर उशिरापर्यंत उघडं ठेवायचं का, असे प्रश्न असतील. पहिल्या सभेत फक्त ऐका. ताळेबंद हातात घ्या आणि तीन आकडे शोधा: विक्री किती, माल वाया किती गेला, येणं किती थकलं. दुसऱ्या सभेत बोला. एखादी वस्तू ठेवावी असं वाटत असेल तर नुसतं "ही ठेवा" म्हणू नका. पुरवणारा कोण, कमीत कमी किती घ्यावी लागते, किती दिवस टिकते आणि आणखी किती सभासद घेतील, हे लिहून न्या. असा कागद घेऊन येणाऱ्याचं म्हणणं सभा मन लावून ऐकते.

जवळपास भांडारच नसेल तर

आठ-दहा घरं जमवा. नोंदणी, दुकान, नावाची पाटी यांच्या मागे आधी लागू नका. न बिघडणाऱ्या तीन-चार जिनसा निवडा, मागणी आणि पैसे दोन्ही आगाऊ घ्या, एकाने हिशेब ठेवावा आणि दुसऱ्याने तो दर महिन्याला तपासावा. तराजू चांगला घ्या, तिथे काटकसर नको. सहा महिने हे सुरळीत चाललं तर नोंदणीचा विचार करा. तोवर कोण वेळेवर येतं आणि कोण येत नाही, हेही कळलेलं असतं.

आणि सोडून जाताना

गाव बदलतं, घर बदलतं, भांडार सोडावं लागतं. जाण्याआधी लेखी अर्ज द्या आणि भागाची रक्कम कधी परत मिळेल ते विचारा. काही ठिकाणी वर्षाचा हिशेब पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं. ठरलेल्या पाळ्या उरल्या असतील तर त्या पुऱ्या करा किंवा कुणाला तरी देऊन जा. नव्या गावात भांडार असेल तर इथल्या सभासदांना विचारा. कुणाची तरी तिथे ओळख बहुधा निघतेच. बरण्या सोबत घ्या. झाकणांवर त्यांची वजनं लिहिलेली आहेत, ती तिथेही चालतील.